गोळी ५०० ची, इलेक्ट्रोड म्हणतो ४५४: चूक कुठे शोधू?

सिंहगडरोडकर (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

पुण्यातच एम.एस्सी. करतेय, विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, दुसरं वर्ष. प्रकल्प आहे बाजारातल्या गोळ्यांमधलं पॅरासिटामॉल व्होल्टॅमेट्रीने, म्हणजे इलेक्ट्रोडचं व्होल्टेज बदलत करंट पाहून, मोजण्याचा. तीन आठवडे एकाच आकड्यावर अडकलेय. कॉलेजचं नाव देत नाही. चूक माझ्याच हातून होत असणार, फक्त ती सापडत नाहीये.

केलं ते असं. आजीच्या गुडघ्यांसाठी सदाशिव पेठेतल्या होलसेल दुकानातून ५०० मिग्रॅच्या जेनेरिक गोळ्या आणतो, त्याच घेतल्या. २० गोळ्यांचं वजन ११.९६ ग्रॅम, म्हणजे एक गोळी सरासरी ५९८ मिग्रॅ. खलात बारीक भुकटी केली. २५ मिग्रॅ पॅरासिटामॉल येईल इतकी भुकटी, म्हणजे २९.९ मिग्रॅ, १०० मिली मिथेनॉलमध्ये घालून सोनिकेटरमध्ये १५ मिनिटं ठेवली आणि गाळली. त्यातले २ मिली घेऊन पीएच ७ च्या फॉस्फेट बफरने २५ मिली केले. हिशेबाने २० मायक्रोग्रॅम प्रति मिली व्हायला हवं. मग ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर डिफरन्शियल पल्स व्होल्टॅमेट्री. साधारण ०.४ व्होल्टच्या आसपास एकच स्वच्छ पीक येतो.

कॅलिब्रेशनची (शुद्ध पॅरासिटामॉलच्या माहीत प्रमाणाच्या द्रावणांची, म्हणजे स्टँडर्डची) रेषा सरळ आहे, दर मायक्रोग्रॅमला ०.२४० मायक्रोअँपिअर. गोळीचा पीक मात्र ४.३६ मायक्रोअँपिअरचा. भागाकार केला की १८.१७, म्हणजे ९०.८ टक्के, म्हणजे ५०० च्या जागी ४५४ मिग्रॅ. तीच भुकटी एचपीएलसीवर (द्रावणातले घटक कॉलममध्ये वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ९९.१ टक्के दाखवते.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातंय. एचपीएलसीचा निकाल यायच्या आधी मी घरी जेवताना बोलून गेले की आपल्या गोळीत ४५४ च निघालं. बाबांनी ते काळजीपोटी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, गोळीच्या नावासकट. आता दोन घरांनी त्या गोळ्या बंद केल्यात आणि तिप्पट किमतीच्या आणल्यात. त्यामुळे हा आकडा माझ्या वहीपुरता राहिलेला नाही. कुठून सुरुवात करू?

मुळाकाठ | मंगळवार, रात्री १०:५१

मी फार्मसी शिकवते. आधी एक विनंती: गोळीचं नाव इथे लिहू नकोस, कुणी विचारलं तरीही. चुकीच्या आकड्याशेजारी एकदा नाव लागलं की ते पुसता येत नाही, हे तू आता घरीच पाहते आहेस.

भारतीय औषधसंहितेत पॅरासिटामॉलच्या गोळीसाठी मर्यादा छापील मात्रेच्या ९५ ते १०५ टक्के आहे. म्हणजे ५०० च्या गोळीत ४७५ ते ५२५. तुझा ४५४ बरोबर असता तर बॅच नापास झाली असती, आणि नापास म्हणण्याआधी पद्धतीची उलटतपासणी व्हायलाच हवी. तू ती करते आहेस.

मला तीन गोष्टी सांग. कॅलिब्रेशन आणि गोळी एकाच दिवशी केलीस का? दोन मोजण्यांच्या मध्ये इलेक्ट्रोड घासतेस का? आणि २९.९ मिग्रॅ इतकं थोडं वजन का घेतलंस? २० गोळ्यांची भुकटी हाताशी असताना त्यातली चिमूट घेणं म्हणजे वजनकाट्याच्या चुकीला आमंत्रण. निदान १५० मिग्रॅ तरी घे.

नवखा_वाचक | मंगळवार, रात्री ११:२०

मी वाणिज्य शाखेचा, पण वडिलांना रोज गोळ्या लागतात म्हणून धागा उघडला. गोळीत वीज घालून औषध कसं मोजतात हे कुणी मला समजेल असं सांगेल का?

पाषाणवासी | बुधवार, सकाळी ६:४०

सांगतो. इलेक्ट्रोडचं काम हाच माझा दिवस असतो.

घरी ग्लुकोमीटर असेल तर तुम्ही हे रोज पाहताय. पट्टीवर रक्ताचा थेंब, पट्टीत एन्झाइम आणि इलेक्ट्रोड, साखरेच्या प्रमाणात करंट, करंटवरून आकडा. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड एकत्र आणायची कल्पना लिलँड क्लार्क यांनी १९६२ साली मांडली. पॅरासिटामॉलला एन्झाइमही लागत नाही, ते स्वतःच इलेक्ट्रॉन द्यायला तयार असतं.

भांड्यात तीन इलेक्ट्रोड असतात. काम करतो तो कार्बनचा, ३ मिमी व्यासाची काळी, आरशासारखी टिकली. दुसरा संदर्भ इलेक्ट्रोड, चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा, ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं. तिसरा प्लॅटिनमची तार, करंटला परतीची वाट देणारी. कार्बनचं व्होल्टेज हळूहळू चढवत नेलं की एका ठरावीक टप्प्यावर पॅरासिटामॉलचा रेणू दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडतो. त्या टप्प्याला करंट उसळतो आणि खाली येतो. ती उसळी म्हणजे पीक. कुठल्या व्होल्टेजला आला यावरून औषध ओळखायचं, किती उंच आला यावरून प्रमाण.

आणि रेणू इलेक्ट्रॉन सोडून जे बनतं, एन-ॲसिटिल-पॅरा-बेंझोक्विनोन इमाइन, तेच आपल्या यकृतातही थोडं बनतं. नेहमीच्या मात्रेत शरीर ते निष्प्रभ करतं, मात्रा फार झाली की तेच यकृताला इजा करतं. ०.४ व्होल्टला मी ते दर वेळी पडद्यावर पाहतो आणि दर वेळी थोडा थबकतो.

गोळीतला स्टार्च, टाल्क, मॅग्नेशिअम स्टिअरेट हे या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन देत नाहीत, म्हणून पीक एकटा येतो.

पिंपरीचे_काका | बुधवार, सकाळी ७:०५

पोरी, आधी इलेक्ट्रोडचा चेहरा बघ. मी एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागातून निवृत्त झालो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, आमची पिढी त्या वातावरणात वाढली, आणि मी पुढे भोसरीतल्या एका खासगी कारखान्यात लागलो.

आम्ही पोलॅरोग्राफी करायचो. यारोस्लाव्ह हेयरोव्स्की यांनी ती १९२२ मध्ये प्राग इथे शोधली, १९५९ चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. केसासारख्या काचेच्या नळीतून पाऱ्याचा थेंब पडतो, तो थेंब हाच इलेक्ट्रोड. काही सेकंदांनी तो गळून पडतो आणि नवा येतो. पारा विषारी, त्याची वाफ वाईट, आज कुणी वापरावा असं मी म्हणणार नाही. पण त्याचा एक गुण असा होता की प्रत्येक थेंब नवाकोरा. मागच्या मोजणीचा मळ पुढच्या मोजणीला लागायचाच नाही. कार्बनची टिकली मात्र सगळं लक्षात ठेवते. पॅरासिटामॉलचं जे बनतं त्याचा काही अंश तिच्यावर चिकटतो आणि पुढचा पीक बुटका होतो.

एक आठवणही सांगतो. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आम्ही पाऱ्यावर मोजायचो. त्याच्या नायट्रो गटाचं क्षपण होतं, म्हणजे तो इलेक्ट्रॉन घेतो, त्याचा करंट मोजायचा. द्रावणात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो, त्याचंही पाऱ्यावर क्षपण होतं आणि तो आपला करंट त्यात मिसळतो. म्हणून आधी १० मिनिटं नायट्रोजन सोडायचा. एकदा रात्रपाळीला सिलिंडर संपलेला मला कळलंच नाही. आकडे छान आले, जरा जास्तच छान. सकाळी साहेबांनी नुसता आलेख पाहून विचारलं, ‘नायट्रोजन होता का?’ ती बॅच मी पास करून ठेवली होती. पुन्हा केल्यावर सीमेच्या अगदी काठावर निघाली. चाळीस वर्षं झाली, तो आलेख अजून डोळ्यांपुढे आहे. तुझ्या बाबतीत ऑक्सिजनचा त्रास नाही, तू ऑक्सिडेशन मोजतेस. पण आकडा छान वाटला म्हणून तो खरा नसतो, आणि वाईट वाटला म्हणूनही नसतो.

फेरिसायनाइडची चाचणी करून दोन पीकमधलं अंतर कळव, टिकलीचा चेहरा कसा आहे ते त्यावरून कळेल.

बुधवारपेठी | बुधवार, दुपारी १:१५

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, रसायनातलं कळत नाही. पण आकडा उपकरणातून येतो, तर आधी उपकरण तपासा. भांडं काढून ठेवा आणि त्या जागी १०० किलोओहमचा एक टक्केवाला रोधक लावा. संदर्भ आणि तिसऱ्या इलेक्ट्रोडच्या तारा एका टोकाला, कामाच्या इलेक्ट्रोडची दुसऱ्या टोकाला. अर्धा व्होल्ट दिलात की ५ मायक्रोअँपिअर यायला हवेत. रोधक पासोड्या विठोबापाशी कुठल्याही दुकानात किरकोळ पैशात मिळेल.

सिंहगडरोडकर | गुरुवार, रात्री ९:३३

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हेच केलं.

बुधवारपेठी दादा, ५ च्या जागी ४.९९ आला. उपकरण ठीक आहे.

काका, फेरिसायनाइडमध्ये दोन पीकमधलं अंतर ७४ मिलिव्होल्ट. आदर्श ५९ असतं, पण आमच्या मॅडम म्हणाल्या ग्लासी कार्बनला हे चालण्यासारखं आहे. मग २० मायक्रोग्रॅमचं स्टँडर्ड न घासता लागोपाठ पाच वेळा मोजलं. पहिला पीक ४.८०, पाचवा ४.५९. तुम्ही म्हणालात तसंच, टिकली सगळं लक्षात ठेवते. त्यानंतर प्रत्येक मोजणीआधी घासायला लागले. मखमलीच्या पॅडवर ०.०५ मायक्रॉनच्या ॲल्युमिनाची दुधासारखी पेस्ट, इलेक्ट्रोड अगदी उभा धरून आठचा आकडा काढत एक मिनिट, मग पाण्याने धुऊन थोडा वेळ सोनिकेटरमध्ये. आता स्टँडर्ड ४.८०, ४.७८, ४.८१ असं येतं.

पण गोळी? घासूनही ४.३६, ४.३७, ४.३६. वजन १५० मिग्रॅ घेऊन त्या हिशेबाने मिथेनॉल वाढवलं, तरी तेच. मुळाकाठ मॅडम, सगळं एकाच दिवशी केलं होतं.

म्हणजे चूक इतकी इमानदार आहे की दर वेळी तितकीच येते. हे मला जास्त घाबरवतंय.

मुळाकाठ | गुरुवार, रात्री १०:०२

घाबरू नकोस. कधी जास्त, कधी कमी असं आलं असतं तर हात किंवा टिकली खराब म्हटलं असतं. दर वेळी तितकंच कमी येतंय म्हणजे स्टँडर्ड आणि गोळी यांच्यात काहीतरी कायमचा फरक आहे. स्टँडर्ड कशात बनवलंस?

सिंहगडरोडकर | गुरुवार, रात्री १०:०९

थेट बफरमध्ये. शुद्ध पॅरासिटामॉल बफरमध्ये सहज विरघळलं. मिथेनॉल फक्त गोळीला वापरलं, कारण यूव्हीच्या (द्रावण किती प्रकाश शोषतं यावरून मोजायच्या) प्रॅक्टिकलला आम्ही गोळी मिथेनॉलमध्येच काढायचो.

पाषाणवासी | गुरुवार, रात्री १०:४७

सापडलं असं वाटतंय.

१०० टक्के मिथेनॉलचे २ मिली २५ मध्ये, म्हणजे तुझ्या गोळीच्या भांड्यात ८ टक्के मिथेनॉल आहे आणि स्टँडर्डच्या भांड्यात शून्य. ८ टक्के म्हणजे काहीच नाही असं कुणालाही वाटेल. यूव्हीला ते खरंच जवळजवळ काहीच नाही. इलेक्ट्रोडला आहे.

आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात. माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. दर्शनाला किती गर्दी आहे हे दोन तऱ्हांनी मोजता येईल. एक, समोरच्या गच्चीवरून फोटो काढून डोकी मोजायची. दुसरी, देवळाच्या दाराशी उभं राहून मिनिटाला किती माणसं उंबरा ओलांडतात ते मोजायचं. यूव्ही म्हणजे गच्ची. प्रकाशाच्या वाटेत जितके रेणू उभे आहेत ते सगळे मोजले जातात, ते चालतायत की थांबलेत याच्याशी प्रकाशाला घेणं नाही. इलेक्ट्रोड म्हणजे दार. तो फक्त आलेल्यांना मोजतो. आता रात्री पाऊस झाला आणि बोळात चिखल झाला. गर्दी तितकीच आहे, गच्चीवरचा आकडा तोच आहे, पण दाराशी मिनिटाला कमी माणसं पोहोचतायत.

तुझ्या भांड्यातला चिखल म्हणजे मिथेनॉल. गंमत अशी की पाणी पातळ, मिथेनॉल त्याहून पातळ, पण दोन्ही मिसळले की मिश्रण पाण्यापेक्षा चिकट होतं. सुमारे ४० टक्क्यांपर्यंत चिकटपणा वाढतच जातो, मग उतरतो. ८ टक्क्यांना तो साधारण १५ ते २० टक्क्यांनी वाढलेला असेल. चिकटपणा वाढला की रेणूचा विसरण गुणांक (तो द्रावणात किती सहज पसरतो ते सांगणारा आकडा) त्याच प्रमाणात घटतो, आणि पीकची उंची त्या गुणांकाच्या वर्गमुळाप्रमाणे जाते. हिशेब कर: पीक ७ ते ९ टक्क्यांनी खाली. तुझी तूट ९ टक्क्यांच्या आसपास आहे.

एचपीएलसीने हे का दाखवलं नाही? तिथे स्टँडर्ड आणि गोळी दोन्ही कॉलममधून शेवटी एकाच मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) डिटेक्टरपाशी येतात, आणि डिटेक्टर प्रकाशाचा. चिखल असला तरी गच्चीवरून मोजणी.

पण माझं ऐकून मान्य करू नकोस. दोन प्रयोग कर. एक, स्टँडर्डमध्ये मुद्दाम २ मिली मिथेनॉल घालून २५ मिली कर आणि मोज. दोन, स्टँडर्ड ॲडिशन: गोळीचे २ मिली असलेले तीन फ्लास्क, पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात शेवटी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली वाढेल इतकं स्टँडर्ड, तिसऱ्यात २०. सगळे २५ मिली. मग उतार बघ, म्हणजे दर मायक्रोग्रॅमला करंट किती वाढतो ते.

नवखा_वाचक | गुरुवार, रात्री ११:१५

पालखीमुळे मला पहिल्यांदा कळलं. वाचनखूण साठवली. निकालाची वाट पाहतोय.

सिंहगडरोडकर | शनिवार, दुपारी ४:२०

झालं!!

२० मायक्रोग्रॅमचं स्टँडर्ड, बफरमध्ये: ४.८०. तेच स्टँडर्ड, २ मिली मिथेनॉल घालून: ४.४२. गोळीचा एक कणही त्यात नाही. नुसतं मिथेनॉल.

स्टँडर्ड ॲडिशनचे तीन आकडे: ४.३६, ६.५७, ८.७८. उतार ०.२२१, बफरमधला ०.२४० नव्हे. ४.३६ भागिले ०.२२१ म्हणजे १९.७३, म्हणजे ९८.६ टक्के, ४९३ मिग्रॅ.

फ्लास्क तेच, भुकटी तीच, ४.३६ हा आकडाही तोच. भागाकाराखालची संख्या बदलली, बस. मी प्रयोगशाळेच्या बाकावर थोडा वेळ नुसती बसून राहिले. पीकसुद्धा मिथेनॉलमुळे थोडा सरकला होता, पहिल्या दिवशीच्या आलेखात दिसतोय. मी तो पाहिला होता आणि पुढे गेले होते.

पिंपरीचे_काका | शनिवार, संध्याकाळी ५:०५

शाब्बास. उतार बदलला हे तुझ्या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे, ते परिशिष्टात टाकू नकोस, मधोमध लिही.

मुळाकाठ | शनिवार, संध्याकाळी ६:३०

आता मिथेनॉल काढूनच टाक. २५ अंशांना पॅरासिटामॉल पाण्यात मिलीला जवळपास १४ मिग्रॅ विरघळतं. ५०० ची आख्खी गोळी १०० मिली पाण्यात घातलीस तरी औषध सगळं पाण्यात येईल, तळाशी राहील तो स्टार्च आणि टाल्क. मिथेनॉलची गरजच नव्हती, ती सवय होती. पुढे जेव्हा न विरघळणारं औषध मोजशील तेव्हा मिथेनॉल लागेल, पण मग स्टँडर्डमध्येही तितकंच घालायचं.

हा फरक पद्धतीपद्धतीने बदलतो, विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. व्होल्टॅमेट्रीत मॅग्नेशिअम स्टिअरेट निरुपद्रवी. पण आम्लारी औषधं ग्लेशिअल ॲसेटिक ॲसिडमध्ये घेऊन परक्लोरिक ॲसिडने पोटेन्शिओमेट्रिक टायट्रेशन (ॲसिड थोडं थोडं घालत व्होल्टेजवरून शेवट ओळखणं) करतात ना, तिथे हाच स्टिअरेट स्वतः आम्लारीसारखा वागून परक्लोरिक ॲसिड खातो आणि आकडा फुगवतो. म्हणून ती पद्धत कच्च्या मालाला उत्तम, गोळीला जपून.

बुधवारपेठी | शनिवार, रात्री ९:००

प्रश्न पडलाय. चिखल असो नसो, कॅलिब्रेशनच लागणार नाही अशी विजेची पद्धत नाही का? करंट मोजतोच आहोत तर इलेक्ट्रॉनच का मोजू नयेत?

मुळाकाठ | रविवार, सकाळी १०:१०

आहे, आणि माझी सगळ्यात आवडती आहे. कूलोमेट्री. ही नीट लिहिते, कारण यातला हिशेब कागदावर करून पाहण्यात फार समाधान आहे.

क जीवनसत्त्वाची ५०० मिग्रॅची चघळायची गोळी घ्या. बहुतेक गोळ्यांत थोडं ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि थोडं सोडिअम ॲस्कॉर्बेट असतं, आपल्या कामाला दोन्ही सारखेच. गोळी पाण्यात विरघळवून २५० मिली करा. त्यातले १ मिली म्हणजे २ मिग्रॅ क जीवनसत्त्व. ते पोटॅशिअम आयोडाइडच्या भरपूर द्रावणात घाला, वर थोडं स्टार्चचं पाणी. त्यात प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड बुडवून स्थिर १० मिलिअँपिअर सोडा, द्रावण ढवळत ठेवा. दुसरा इलेक्ट्रोड सच्छिद्र काचेच्या नळीत वेगळा ठेवायचा, नाहीतर तिथे आयोडीन परत आयोडाइड होतं आणि हिशेब बिघडतो.

प्लॅटिनमपाशी आयोडाइडचं आयोडीन होतं. ते तयार होतं त्याच क्षणी क जीवनसत्त्व ते खाऊन टाकतं. द्रावण पाण्यासारखं राहतं. सगळं क जीवनसत्त्व संपलं की पुढचं आयोडीन स्टार्चला भेटतं आणि भांडं निळं होतं. घड्याळ थांबवा.

आता हिशेब. ॲस्कॉर्बिक ॲसिडचा रेणुभार १७६.१२. २ मिग्रॅ म्हणजे ०.०११३६ मिलिमोल. एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो. फॅरडेचा स्थिरांक मोलमागे ९६,४८५ कूलोम. गुणाकार केला की २.१९ कूलोम. १० मिलिअँपिअरने भागा: २१९ सेकंद, ३ मिनिटं ३९ सेकंद. गोळी पूर्ण भरलेली असेल तर निळा रंग तेव्हा येणार. स्टँडर्ड नाही, कॅलिब्रेशन रेषा नाही. लागतं फक्त घड्याळ, स्थिर करंट आणि फॅरडे. चिकटपणा वाढला तरी फरक पडत नाही, कारण आपण दाराशी वेग मोजत नाही, शेवटचा माणूस आत येईपर्यंत थांबतो.

वर्गात हा प्रयोग करताना तीन मिनिटं उलटून गेली की सगळी मुलं बोलायची थांबतात. पहिली निळी रेघ प्लॅटिनमच्या टोकाशी येते, विरते, पुन्हा येते, विरते, आणि मग एकदम सगळं भांडं निळं.

बुधवारपेठी | रविवार, सकाळी ११:४५

१० मिलिअँपिअरचा स्थिर स्रोत मी संध्याकाळपर्यंत बनवतो. घरातल्या बाकीच्या गोळ्याही अशाच तपासता येतील का? शंका येते तेव्हा माणसाने जायचं कुठे?

मुळाकाठ | रविवार, दुपारी १२:३०

क जीवनसत्त्व शिकण्यासाठी जरूर करा. पण घरच्या आकड्यावरून कुठलंही औषध बंद करू नका आणि कुणाला करायला लावू नका. आपल्याच धाग्यातल्या शिकलेल्या मुलीचा, चांगल्या उपकरणावरचा आकडा नऊ टक्क्यांनी चुकला होता.

शिवाय गोळीत औषध किती आहे हा एकच प्रश्न नाही. ते ठरल्या वेळात विरघळतं का हे वेगळ्या चाचणीत पाहतात. आणि २५ मायक्रोग्रॅमच्या थायरॉइडच्या गोळीसारखं औषध असेल तर २० गोळ्यांची सरासरी पुरत नाही, एकेक गोळी स्वतंत्र मोजावी लागते, कारण एका गोळीत जास्त आणि शेजारच्या गोळीत कमी असलं तरी सरासरी ठीकच दिसते.

खरी शंका असेल तर कायद्यात वाट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, कलम २६. औषध विकत घेणारी कुणीही व्यक्ती ठरलेली फी भरून ते सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. न फोडलेल्या पट्ट्या, बॅच क्रमांक आणि बिल जपून ठेवा. आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करता येते. बिल घ्यायची सवय मात्र लावून घ्या, सुट्या गोळ्या कात्रीने कापून आणल्या की बॅच क्रमांक दुकानातच राहतो.

पाषाणवासी | रविवार, रात्री ८:१५

धागाकर्तीला पुढच्यासाठी: कॅफिन घातलेली पॅरासिटामॉलची गोळी करून बघ. कॅफिन ग्लासी कार्बनवर १.३ व्होल्टच्या वर कुठेतरी ऑक्सिडाइज होतं, पॅरासिटामॉल ०.४ च्या आसपास. दोन्ही पीक लांब लांब येतात, एकाच फेरीत दोन्ही औषधं मोजता येतील. वेगळं करावं लागत नाही हेच या पद्धतीचं बळ आहे. पण इतक्या वरच्या व्होल्टेजला टिकली लवकर मळते, तेव्हा घासणं आलंच.

सिंहगडरोडकर | बुधवार, रात्री १०:४०

उशिरा लिहितेय, तीनदा पुन्हा केलं म्हणून. मिथेनॉल नाही, फक्त पाणी आणि बफर, १५० मिग्रॅ भुकटी, प्रत्येक मोजणीआधी घासून. ९८.९, ९९.४, ९८.७. सरासरी ९९.०, म्हणजे ४९५ मिग्रॅ. एचपीएलसीच्या ९९.१ शी जुळलं.

काका, उताराचं वाक्य प्रबंधात मधोमध टाकलंय, दोन्ही रेषा एकाच आलेखावर. कॅफिनची गोळी सोमवारपासून.

सोसायटीच्या ग्रुपवर मी स्वतः लिहिलं, बाबांना लिहायला लावलं नाही. तेच इथे देते, गोळीचं नाव काढून:

‘मागच्या महिन्यात आमच्या घरून एक आकडा आला होता की या गोळीत ५०० ऐवजी ४५४ मिग्रॅ आहे. तो आकडा चुकीचा होता. मोजताना मी गोळीच्या द्रावणात मिथेनॉल वापरलं आणि तुलनेच्या द्रावणात वापरलं नाही, त्यामुळे कमी दिसलं. पुन्हा तीनदा मोजल्यावर ४९५ मिग्रॅ आलं, जे नियमात बसतं. ज्यांनी माझ्यामुळे गोळ्या बदलल्या त्यांची मी माफी मागते. कुणाला सगळ्या मोजण्यांची वही पाहायची असेल तर घरी या. – बी विंगमधली’

तळमजल्यावरचे आजोबा काल वही बघायला आले. तासभर बसले. मिथेनॉल घातलेल्या स्टँडर्डच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, हे पान आधी केलं असतंस तर. मी हो म्हटलं.

पिंपरीचे_काका | बुधवार, रात्री ११:०२

आजोबांना माझा नमस्कार सांग. आणि सोमवारी कॅफिनच्या आधी मखमलीचं पॅड नवीन घे, जुन्या पॅडमध्ये मागचं सगळं साठलेलं असतं.